सोलापुरात गोडावण आहे का?

"आपके उधर गोडावण है क्या?" असं त्यानं विचारलं आणि मी पटकन "है" म्हणाले. बास, एवढंच झालं. जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजले असतील, जैसलमेरच्या वाळवंटात समच्या पुढं सुदासरीच्या बाजूला आम्ही चालत होतो आणि थंडीनं बोटं अशी आखडली होती की दुर्बिणीचं चाक फिरतंय की नाही तेच कळत नव्हतं. माझ्या सॉक्सला भुरट चिकटलं होतं. गवताचं अगदी बारीक बोंडुक, पण त्याला चहूबाजूंनी काटे. ते ओढायचं नसतं, खालून चिमटीत धरून उलटं सोडवायचं असतं, हे आमचा गाइड खाली बसून दाखवत होता, आणि मान वर न करताच, आपण पाहुण्याला "तुमच्याकडं पाऊस कसाय?" विचारतो ना तसं, त्यानं हे विचारलं. मी सोलापूरची हे त्याला आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. गोडावण म्हणजे आपला माळढोक पक्षी. मी "है, हमारे सोलापुर में है" म्हणाले आणि तो एकदम उभाच राहिला. हात झटकले, चेहरा उजळला, आणि मागून येणाऱ्या जीपवाल्याला त्यानं मारवाडीत ओरडून ती बातमी सांगितली. दूरच्या गावात आपलं कुणी नातेवाईक आहे असं अचानक कळल्यावर माणूस सांगेल तशी.

तेव्हापासून तो "है" माझ्या मागं लागलाय. खोटं म्हणावं तर खोटं नाही, कारण गेल्या काही वर्षांत सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा पक्षी दिसला तरी पेपरात बातमी येते. पण बातमी येते यातच सगळं आलं ना. चिमण्या दिसल्याची बातमी होत नाही. मग मी "था" का नाही म्हणाले? रात्री गेस्ट हाऊसवर रजईत पडल्या पडल्या तोच विचार. "था" म्हणायला तोंडच उघडलं नसतं, हे मला तिथंच कळलं.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं लाटांसारखी वाळू आणि उंटांची रांग येते, मीही तेच डोक्यात घेऊन गेले होते. डेझर्ट नॅशनल पार्क जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलंय, १९८० पासून राखीव आहे, पण त्यात वाळूच्या टेकड्या साधारण पाचवा हिस्सा. बाकी सगळी मुरमाड कडक जमीन, खडक, खुरटी झुडपं आणि मैलोन् मैल गवत. आणि मधेमधे ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या, शेळ्यांचे कळप, पाण्याची टाकी, शाळा, माणसंच माणसं, कारण हे कुंपण घालून रिकामं केलेलं जंगल नव्हेच. पहिल्या सकाळी जीपमधून उतरून पाय टाकला, बुटाखाली खडे करकरले, थंड वाऱ्यात वाळलेल्या गवताचा तो जरासा गोडसर, जरासा धुळकट वास आला, आणि मी अक्षरशः जागच्या जागी थांबले. हा वास माझ्या ओळखीचा होता. बार्शी रोडचा. डोळे मिटले असते तर मी आमच्या माळावर उभी होते. गवत वेगळं, इकडं सेवण, म्हणजे गुडघ्याच्या वर जाणारे जाड जाड बेट, थंडीत पिवळं पडलेलं, आणि आपलं गवत त्यापुढं नाजूक. पण आभाळ तेवढंच मोठं, आणि झाड नसलेल्या जागी वारा कानाशी जो आवाज करतो तो अगदी तोच. "है" त्या वासातूनच निघालं असणार.

नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. लोकांना नान्नज म्हटलं की द्राक्षं आठवतात, सोनाका हे वाण तिथलंच. मला मात्र अप्पांची स्कूटर आठवते. अप्पा झेडपीच्या शाळेत शिकवायचे, आणि त्यांना गवताचं वेड होतं. पक्ष्यांचं नव्हे, गवताचं! शाळेतल्या कपाटात वहीच्या पानांत दाबलेल्या गवताच्या काड्या असायच्या आणि आईची त्यावरून कुरकुर असायची, की माणसं फुलं जपतात आणि यांचं हे काय. सत्तरच्या दशकात दुष्काळी कामांतून वनखात्यानं नान्नजच्या माळावर गवताचे पट्टे राखले, चराई बंद केली, तिथं माळढोक टिकले, आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. अप्पा हे सांगताना नेहमी आधी गवत सांगायचे आणि मग पक्षी. "गवत राखलं म्हणून पक्षी राहिला" एवढं एक वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल.

मी नऊ वर्षांची होते, म्हणजे १९८९ साल. पहाटे अंधारातच निघालो, मी पुढं उभी, स्वेटरवर अप्पांचा मफलर गुंडाळलेला. माळावर एका ओळखीच्या माणसाकडं मोठी जड दुर्बीण होती, ती आळीपाळीनं सगळ्यांना मिळत होती. मोठी माणसं कुजबुजत होती, तिकडं तिकडं, त्या बाभळीच्या डावीकडं, अगं हळू. माझी पाळी आली तेव्हा मला काय दिसलं? थरथरणारं पिवळं, त्यात काहीतरी तपकिरी उभं, मग माझ्याच श्वासानं काच धुरकटली. अप्पांनी वाकून कानात विचारलं, "दिसला का गं?" आणि मी म्हणाले, "दिसला."

पस्तीस वर्षं मी तेच सांगत आले. शाळेत निबंधात लिहिलं, हॉस्टेलवर मैत्रिणींना सांगितलं, माझ्या मुलीला झोपवताना सांगितलं, की आमच्याकडं एक एवढा मोठा पक्षी असतो, माझ्या कमरेएवढा, तो मी पाहिलाय. बायनॉक्युलर घेऊन मी नंतर कुठंकुठं फिरले, पण जैसलमेरला जायचं कायम पुढं ढकलत राहिले. त्याचं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं जाऊन पक्षी नीट दिसला असता तर लहानपणी काय दिसलं होतं त्याचा निकाल लागला असता.

आमच्या घरात माळढोक हा शब्द दोन प्रकारे वापरला जायचा हेही सांगायला हवं. अप्पांच्या तोंडी तो लाडाचा. आणि काकांच्या तोंडी शिवीसारखा. अभयारण्याचं क्षेत्र सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. आकडा परत वाचा, जैसलमेरच्या पार्कच्या अडीचपटीपेक्षा जास्त, आणि त्यात गावं, शेतं, रस्ते, घरं, सगळं आलेलं. काकांचा एक तुकडा विकायचा होता, मुलीच्या लग्नासाठी, आणि तो व्यवहार परवानगीत अडकून पडला, दोन वर्षं. काका जेवता जेवता ताट सरकवून म्हणाले होते, "तुमच्या त्या कोंबडीपायी माझं लग्नघर अडलंय." अप्पा काही बोलले नाहीत. मला तेव्हा काकांचा राग आला होता. आता येत नाही. ज्या माणसाच्या माळावर पक्षी राहतो त्याच माणसाला तो पक्षी नकोसा व्हावा असं काहीतरी आपण करून बसलो, आणि नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं तोवर माळावर उजनीचं पाणी आलं, ऊस आला, बागा आल्या, बोअरं झाली. शेतकऱ्यानं ऊस लावू नये असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? सोलापूरच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत मीही घागर घेऊन उभी राहिलेय. पण माळ गेला हेही खरंच आहे, आणि दोन्ही गोष्टी मनात एकाच वेळी राहतात, एकमेकींकडं पाठ करून.

तर, चालणं. तिथं चालायचे काही नियम गाइडनं पहिल्याच दिवशी सांगितले. पक्षी दिसला तरी त्याच्याकडं सरळ जायचं नाही, तिरकं, आपण दुसरीकडंच निघालोय असं दाखवत जायचं. थांबायचं तर एकदम थांबायचं नाही. लाल-पिवळा कपडा नको. (माझी लाल टोपी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली आणि स्वतःचा मळकट पंचा मला डोक्याला बांधायला दिला, त्याला शेळीच्या दुधाचा आणि विडीचा वास होता, आणि तिसऱ्या दिवशी तो परत देताना मला वाईट वाटलं.) मी त्याला पहिल्यांदा भाईसाब म्हणत होते, मग बाकीचे म्हणतात म्हणून भाईसा म्हणायला लागले. पन्नाशीचा असेल. लहानपणी शेळ्या राखायला जायचा तेव्हा गोडावण इतके जवळ चरत असायचे की बघायला म्हणून कुणी बघत नसे, असं म्हणाला. आता त्याच पक्ष्यासाठी मुंबई-पुण्याहून लोक येतात आणि तो दिसला की रडतात, हे त्याला अजून नवलाचं वाटतं.

पहिले दोन दिवस माळढोक दिसला नाही. पण बाकी काय काय दिसलं! खेजडीच्या शेंड्यावर फुगून बसलेला टॉनी ईगल, ऊन लागेपर्यंत हलायचं नाव नाही. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती, इकडं तिचा पाला जनावरं खातात, शेंगांची भाजी होते, सावली तीच देते. केर नावाच्या झुडपाच्या बिनपानांच्या जाळीत पांढऱ्या कानाचे बुलबुल, माणसाला न घाबरता बडबडणारे. क्रीम-कलर्ड कोर्सर, धाविक पक्ष्यांतला, नावाप्रमाणं धावतो आणि मधेच असा थांबतो की डोळ्यांदेखत जमिनीत विरघळतो, नजर हलली की गेला. सांड्याची, म्हणजे काटेरी शेपटीच्या सरड्याची बिळं, थंडीपुरती आतून मातीनं बुजवलेली. आणि एक वाळवंटी कोल्हा, शेपटीचं टोक पांढरं, बिळाच्या तोंडाशी उन्हाला बसलेला, आमच्याकडं बघून त्यानं जांभई दिली आणि परत डोळे मिटले. मी खूप वेळ त्या जांभईचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी नऊच्या पुढं आम्ही एका नाडीपाशी दबा धरून बसलो. नाडी म्हणजे गावतळं, पावसाचं पाणी साठवायचं. इथं वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे एखाद्या साली कोकणात एका दिवसात पडतो तेवढा, त्यामुळं प्रत्येक थेंब कुठून वाहत येणार हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं, आणि नाडीच्या वरच्या उतारावर कुणी जोडे घालून चालत नाही असं भाईसा म्हणाला. बसलो असताना लांबून एक आवाज आला, गुळगुळ, घशातल्या घशात बोलल्यासारखा, आणि पखुर्ड्यांचा थवा आला, मग दुसरा, मग तिसरा, शंभर-दीडशे तरी असतील. पाण्यापासून जरा लांब उतरल्या, मुंग्यांसारख्या तुरुतुरु पाण्याशी आल्या, मोजून काही सेकंद चोची बुडवल्या, आणि भर्रकन उठल्या. पिल्लांच्या दिवसांत यांचे नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतात आणि मैलभर लांबच्या पिल्लांना ती भिजलेली पिसं चोखायला देतात. हे मला वाचून माहीत होतं, पण त्या एवढ्याशा नाडीकडं बघताना पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. पखुर्ड्या आमच्याकडंही आहेत. अप्पा त्यांना बघायला थांबायचे नाहीत, पण आवाज आला की स्कूटर हळू करायचे.

तिसऱ्या सकाळी दिसला.

कसं झालं ते जसंच्या तसं सांगते. राखीव कुंपणाच्या कडेनं आम्ही तिरके चाललो होतो, ऊन नुकतं तिरपं लागत होतं, सेवणाच्या बेटांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. भाईसा चालता चालताच हळू आवाजात म्हणाला, "दीदी, चलते रहो, बायीं तरफ, बोरड़ी के पास." बोरडी म्हणजे आपली रानबोरीच, गुडघ्याएवढी. आधी मला फक्त एक पांढरी उभी रेघ दिसली, कुणी गवतात खुंटी रोवल्यासारखी. मग ती रेघ वाकली, आणि सरळ झाली, आणि मला कळलं की ती मान आहे. स्कोप लावला. नर होता. डोक्यावर काळी कुळकुळीत टोपी, मान पांढरीशुभ्र, छातीवर काळा पट्टा हार घातल्यासारखा, आणि पाठीचा तपकिरी रंग जवळून बघितला तर एक रंग नव्हेच, बारीक बारीक नक्षी, माळावरची वाळकी काडी, तिची सावली, मुरूम, सगळं एकत्र विणल्यासारखी. चोच जरा वर धरून चालत होता. एक पाय उचलायचा, जरा थांबायचा, मग टेकवायचा. बोरडीपाशी थांबला आणि मान तिरकी करून त्यानं एक बोर तोडलं. वाळकं, सुरकुतलेलं, लालसर. चोचीच्या टोकाशी ते क्षणभर धरलं, मान मागं झटकली, बोर गेलं. मग दुसरं. मी मोजत होते, अकरा बोरं खाल्ली त्यानं. इतक्या मोठ्या पक्ष्याची, पंधरा किलोपर्यंत भरू शकणाऱ्या पक्ष्याची चोच इतकी जपून, काट्यांतून एकेक बोर वेचत होती, माझी आजी निवडायची तशी.

आणि मला स्वच्छ कळलं की १९८९ साली मी जे पाहिलं ते हे नव्हतं. हा एकदा दिसला की दुसऱ्या कशात घोटाळा होऊच शकत नाही. ते काळविटाची मादी असेल, वाळकं झुडूप असेल, काहीही असेल. रडू आलं, पण ते आनंदाचं होतं की कसलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भाईसा दुसरीकडं बघत उभा राहिला. त्याला सवय होती.

मग तो उडाला. आम्ही नाही उडवला, कुठंतरी कुत्रं भुंकलं. चार पावलं धावला, पंख उघडले आणि ते उघडतच राहिले, एवढे रुंद, आणि संथ जड फटकारे मारत तो जमिनीलगत निघाला. सुंदर! पण मी भाईसाकडं पाहिलं तर तो पक्ष्याकडं बघतच नव्हता, तो पक्षी ज्या दिशेला चालला होता तिकडं, लांब उभ्या असलेल्या विजेच्या तारांकडं बघत होता. ओठ आवळलेले. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं, आणि इतकं वजन घेऊन ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारा हाच आज त्याचा सगळ्यात मोठा काळ झालाय. आम्ही दोघं श्वास धरून उभे. तो तारांच्या बराच अलीकडं डावीकडं कलला आणि गवतात उतरला. "बच गया," भाईसा म्हणाला, आणि पंच्यानं, म्हणजे माझ्या डोक्यावरच्या त्याच्याच पंच्याच्या टोकानं, तोंड पुसलं.

जैसलमेरच्या आसपास आता जिकडं बघाल तिकडं पवनचक्क्या, सोलरचे पट्टे आणि त्यांच्या तारा. रात्री क्षितिजावर लाल दिवे एकाच वेळी उघडझाप करतात. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या टापूतल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितल्या, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. काही ठिकाणी तारांवर वाऱ्यानं फिरणाऱ्या चकत्या लावल्यात, पक्ष्याला तार दिसावी म्हणून. मला सरळ राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या पुण्यातल्या गच्चीवर सोलरचं पॅनल आहे आणि ते बसवताना मी पृथ्वीसाठी काहीतरी चांगलं केल्याच्या समाधानात होते. सूर्याची वीज चांगलीच आहे. पण जिथं काहीच नाही असं आपण म्हणतो ती जागा नेमकी त्याची निघते. गवताच्या माळाला आपण कायम पडीकच म्हणत आलोय, सातबाऱ्यावरही आणि बोलतानाही.

उरलेत किती, तर जगात मिळून दीडशेच्या आत-बाहेर, आणि त्यातले बहुतेक याच टापूत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि महिनाभर उबवते. २०१९ पासून इथली काही अंडी उचलून समच्या प्रजनन केंद्रात उबवायला घेतली, नंतर रामदेवराला दुसरं केंद्र झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये समला कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, त्यासाठी नर होता रामदेवराला आणि मादी समला. केंद्र बघता येत नाही, आम्ही लांबून फक्त इमारतीचं छप्पर पाहिलं. कुणाच्या तरी हातात थर्मामीटर, कुणीतरी रात्रभर जागं, आत अंडं. आपण माळ मोडले आणि आता एकेक अंडं हाताच्या ओंजळीत घेऊन बसलोय. पण ती ओंजळ आहे, म्हणून मला त्या छपराकडं बघून हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले.

घरी आले. अप्पांना फोनवर सांगितलं, दिसला, अकरा बोरं खाल्ली. अप्पांनी बोरडी कुठली, फळ केवढं, ते सगळं विचारून घेतलं. लहानपणाचं मी बोलले नाही.

ऑगस्टमध्ये भाईसाचा व्हॉइस मेसेज आला. मागं वारा, शेळ्यांच्या घंटा. पाऊस चांगला झालाय, सेवण हिरवं झालंय, पहाटे नराचं घुमणं ऐकू येतं, गळ्याची पिशवी फुगवून तो हुंकारतो ते (आपल्याकडं काही ठिकाणी माळढोकाला हूम म्हणतात ते त्या आवाजावरूनच). आणि शेवटी, "दीदी, आपके उधर वाले गोडावण ने अंडा दिया क्या?"

मी तो मेसेज कितीदा ऐकला. महिना गेला. काय लिहू? "है" म्हणणारी मीच होते ना. शेवटी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सोलापूरला गेले, अप्पांना गाडीत घातलं आणि बार्शी रोडला लागले. अप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. दोन्ही बाजूंना ऊस, मग द्राक्षांच्या बागा, मग एकदम तो उघडा माळ. कडेनं चाललो, हळूहळू, माझ्या खांद्यावर त्यांचा हात. काळविटांचा कळप होता, चंडोल गात होता, लांबून पखुर्ड्यांचा आवाज आला तसे अप्पा सवयीनं थांबले. माळढोक नव्हता. तासाभरानं एका दगडावर टेकलो तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं, की तेव्हा मला दिसलाच नव्हता.

"माहितीय की," अप्पा म्हणाले. "तो उजवीकडं होता. तू डावीकडं दुर्बीण धरली होतीस."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"दिसला म्हणालीस ना. मला वाटलं, दिसंल पुढं कधीतरी."

मी मोबाइल काढला आणि समोरच्या माळाचा व्हिडिओ घेतला, गवताला फुलोरा आलेला, वाऱ्यानं सगळा माळ एका बाजूला झुकत होता आणि परत उठत होता. भाईसाला पाठवला आणि खाली लिहिलं की यंदा आमच्याकडं गोडावण दिसला नाही, गवत मात्र चांगलं आलंय. पाच मिनिटांत उत्तर आलं. दुसरं काहीच नाही, फक्त एवढंच, की हे सेवण नाही, हे कुठलं गवत?

मी अप्पांना विचारलं. त्यांनी एक काडी उपटून डोळ्यांशी धरली, फिरवून पाहिली, चावून पाहिली. मग म्हणाले, त्याला बोलून सांगतो, लिहून नको. मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला. अप्पा घसा साफ करून त्यांच्या त्या सोलापुरी हिंदीत वर्गात सांगावं तसं सांगायला लागले, "देखो, ये जो लंबा है वो पवन्या. उसके नीचे मारवेल. और ये कपड़े को चिपकता है ना, ये कुसळ," आणि वाकून, फोन तसाच चालू असताना, माझ्या सॉक्सला लागलेलं कुसळ त्यांनी चिमटीत धरलं, ओढलं नाही, खालून उलटं सोडवलं.